पाणी आधी, रंग शेवटी

मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोहोचतो, आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात घरातलं खरंखोटं बाहेर येऊ लागतं. एप्रिलमध्ये काढलेला रंग फुगतो. कपाटामागची भिंत हाताला गार लागते. मोरीच्या मागच्या कोपऱ्यात मिठासारखी पांढरी पूड साठते, बाहेरचं दार चौकटीत अडकायला लागतं, आणि शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या छताला पिवळ्या कडेचा एक डाग पडतो, जो दर मोठ्या सरीनंतर थोडा वाढतो. मग घरात नेहमीचं बोलणं होतं : दिवाळीला रंग काढून घेऊ. दिवाळीला रंग निघतो. पुढच्या जूनमध्ये तोच कोपरा पुन्हा फुगतो.

त्या एका कोपऱ्यावर एखादं कुटुंब वीस वर्षांत जेवढा पैसा घालतं, तेवढ्यात त्या कोपऱ्याचं दुखणं कायमचं बरं झालं असतं. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. कमी पैसे असलेल्या माणसाकडून उधळपट्टी होत नाही असा आपला समज असतो. प्रत्यक्षात घराच्या बाबतीत पैसा वाया जातो तो बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे, आणि तो सर्वांत जास्त जातो ज्यांच्याकडे थोडा असतो त्यांचाच, कारण त्यांना दुरुस्ती तुकड्यातुकड्यांनी करावी लागते आणि दिसतं तेवढंच आधी करावंसं वाटतं. हे पुस्तक त्या पैशांच्या काळजीपोटी लिहिलं आहे.

ज्यांनी राहतं घर विकून दुसरं घ्यायचं ठरवलं आहे, त्यांच्यासाठी यात फारसं काही नाही. ज्यांना आहे त्याच घरात राहायचं आहे, त्यांच्यासाठी हे आहे : पागडीची खोली, म्हाडाचा किंवा सिडकोचा जुना गाळा, सत्तरच्या दशकात बांधलेल्या सोसायटीतला दोन खोल्यांचा फ्लॅट, गावठाणातलं वाटण्या होऊन अरुंद झालेलं घर, कोकणातलं जांभ्या दगडाचं, वर्षातून दोनदा उघडणारं घर. या सगळ्या घरांना काहीतरी उणं असतं आणि ते उणं कुठून आलं हे समजून घेतलं तर राग थोडा कमी होतो. निदान तो योग्य ठिकाणी तरी जातो.

मुंबईचंच पाहा. १८९६ मध्ये प्लेग आला, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि घरात उजेड-वारा येतो की नाही हा सरकारी विचाराचा विषय झाला. दोन इमारतींमध्ये किती अंतर असावं हे ठरवण्यासाठी ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा कोन धरला; समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून येणारा उजेड त्या कोनात खालच्या खिडकीपर्यंत पोहोचला पाहिजे. दादर-माटुंग्याच्या जुन्या वसाहतींत आजही दुपारी तळमजल्यावर वाचता येतं, त्यामागे ही शिस्त आहे. त्यानंतर १९२० च्या दशकात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला चाळी बांधल्या. एकेका इमारतीत ऐंशी खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला सामाईक. ती खोली गिरणीत राबणाऱ्या माणसाला रात्रीपुरतं छप्पर म्हणून आखली होती. तिथे पुढे तीन-तीन पिढ्यांचे संसार झाले, हे खोलीच्या आखणीत कुठेच नव्हतं.

मग भाडं गोठलं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण धरलं. भाडेकरूच्या डोक्यावरचं छप्पर त्याने वाचवलं, पण त्याच छपराची डागडुजी करायचं घरमालकाला काही कारण उरलं नाही. इमारती पडायला लागल्यावर १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आणि उपकर आला. १९९९ चा नवा कायदा आजही सांगतो की घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा; मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंतच. जुन्या पागडीच्या भाड्याचा चौथा हिस्सा म्हणजे किती, हे ज्याचं त्याला ठाऊक आहे. त्यात सिमेंटची दोन-चार पोतीसुद्धा येणं कठीण. तेव्हा आपलं घर असं का राहिलं याचं उत्तर आपल्या आळसात किंवा नशिबात शोधू नये. त्यामागे शंभर वर्षांचा हिशेब आहे.

माझं मुख्य म्हणणं मात्र याहून जुन्या एका गोष्टीशी जोडलेलं आहे. आपल्याकडे घर ही दरवर्षी करायची गोष्ट होती. कोकणात वैशाखात आगोटीची तयारी सुरू झाली की धान्य, मीठ, मासळी, सरपण यांच्याबरोबर घरालाही हात लागायचा. पेंढ्याचं छप्पर असेल तर ते शाकारायचं. कौलारू असेल तर फुटकी कौलं बदलून बाकीची परतून बसवायची, पडवीच्या उघड्या बाजूला झापं बांधायची. पावसाळ्यानंतर अंगण चोपून घ्यायचं, जमीन सारवायची. देशावर माळवदाच्या घरांवर दरवर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा. बासल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती एकमेकांत अडकणारी कौलं साऱ्या किनारपट्टीवर पसरली, तेव्हा शाकारणीचं काम कमी झालं. पण संपलं नाही. घर एकदाच बांधून हात झटकायचे असतात, ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात नव्हती.

ती कल्पना काँक्रीटबरोबर आली. स्लॅब पडला म्हणजे चिंता मिटली असं आपण धरून चाललो. गच्चीवर कोणी चढत नाही, पन्हळी कोणी साफ करत नाही, कठड्याच्या फटीत पिंपळाचं रोप चांगलं हातभर होईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. आणि आल्यावर ते वरून छाटलं जातं, मूळ तसंच राहतं, पुढच्या पावसाळ्यात दुप्पट जोमाने फुटतं. मग पंधरा-वीस वर्षांनी एकदम मोठा खर्च निघतो, त्याला आपण नूतनीकरण म्हणतो, आणि तेवढे पैसे नाहीत म्हणून काहीच करत नाही. पैसे कमी असलेल्या घराला नूतनीकरण परवडत नाही, हे खरंच आहे. त्याला दरवर्षीचं थोडं थोडं परवडतं. जुनी रीत मुळात कमी पैशांच्या लोकांचीच होती, आणि ती सिमेंटच्या घरालाही लागू पडते.

यातलं पहिलं काम पाण्याचं. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, पण घरातली प्रत्येक ओल काही पावसाची नसते, आणि इथेच बहुतेक खर्च चुकतो. डाग दिसला की त्याची जागा पाहण्याआधी त्याची वेळ पाहावी. पाऊस थांबल्यावर दोन-चार दिवसांत जो सुकतो, तो बाहेरच्या भिंतीचा किंवा गच्चीचा. सकाळच्या आंघोळी झाल्यावर तासाभरात जो गडद होतो आणि रात्री फिका पडतो, तो वरच्या न्हाणीतल्या सांडपाण्याचा; तिथला नहाणी ट्रॅप किंवा फरशांचे सांधे तपासायचे. जो फेब्रुवारीतही तसाच असतो, वरचे लोक गावाला गेले तरी कमी होत नाही, तो सतत दाब असलेल्या पाण्याच्या पाइपाचा. आणि तळमजल्यावर जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंत सरळ रेषेत चढलेली, लोणा लागलेली ओल ही जमिनीतून वर शोषली जाणारी. चारही डाग दिसायला सारखे असू शकतात. चौघांवरचे उपाय मात्र पूर्ण वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर पैसे अक्षरशः पाण्यात जातात.

शंका असेल तर तपासायला पैसे लागत नाहीत. भिंतीच्या ओल्या भागावर वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवावा आणि एक-दोन दिवस ठेवावा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला आले तर खोलीतल्या हवेतली वाफ गार भिंतीवर बसते आहे. त्याला प्लंबर नको, खिडकी उघडायला हवी आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायला हवं. वरच्या न्हाणीचा संशय असेल तर शेजाऱ्यांच्या संमतीने तिथला ट्रॅप बोळा घालून बंद करायचा, थोडा रंग कालवलेलं पाणी साठवायचं आणि खाली वाट पाहायची. वादावादीत महिने जातात, ते काम या पाण्याने एका दिवसात होतं. सोसायटीच्या उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइपांतून होणारी गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त व्हायची असते, आणि एखाद्या सदनिकेच्या संडास-न्हाणी-सिंकमधली त्या सदस्याच्या. कारण सापडलं की पैसे कुणी द्यायचे हेही सापडतं. कागदावर लिहून ठेवलेल्या डागाच्या तारखा कमिटीच्या बैठकीत फार उपयोगी पडतात.

पाण्यानंतर सांगाडा. इथे मला थोडं कठोर बोलायचं आहे, कारण आवडीने सजवलेलं धोकादायक घर मी पाहिलं आहे. काँक्रीटमधली सळी गंजते तेव्हा गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. तो आतून रेटतो आणि वरचं काँक्रीट पोपडा होऊन सुटतं. छतावर काठीने किंवा हातोडीच्या दांड्याने हलकं ठोकून पाहावं. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर तिथलं आवरण सुटलेलं आहे. अशा छताखाली पीओपीचं खोटं छत लावणं म्हणजे दुखणं झाकणं, आणि ते झाकलेलं छत पाळण्यावर पडू शकतं. तडे सगळे सारखे नसतात. गिलाव्यावरचे केसाएवढे, जाळीसारखे तडे बहुतेकदा गिलावा लवकर सुकल्याचे असतात, ते कुणाचं काही वाकडं करत नाहीत. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला तडा मात्र लक्ष मागतो. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी, किंवा तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी प्लास्टरने चिकटवावी. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे, आणि मग गवंड्याला बोलवायच्या आधी संरचना अभियंत्याला बोलवायचं. इमारत पंधरा वर्षांची झाली की तीस वर्षांपर्यंत दर पाच वर्षांनी आणि पुढे दर तीन वर्षांनी संरचना तपासणी करावी, असं आदर्श उपविधी सांगतात. ती सोसायटीला करायला लावणं हा आपल्या घरावरचा सगळ्यात स्वस्त खर्च आहे.

किल्लारी विसरता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं आपल्याच घरांखाली गेली. ती घरं दिसायला भक्कम होती : दोन-दोन हात जाडीच्या दगडी भिंती, वर मातीचं माळवद. पण त्या भिंती म्हणजे मातीत बसवलेले दगडांचे दोन पदर होते, दोन्हींना बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते, आणि माळवदावर वर्षानुवर्षं चढलेल्या मातीचं प्रचंड ओझं होतं. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या कामात नव्या वसाहतींबरोबर उभ्या राहिलेल्या घरांच्या मजबुतीचाही भाग होता : छतावरचं ओझं कमी करणं, भिंतींचे पदर आरपार जोडणं, कोपरे बांधून घेणं. दरवर्षी थर चढवण्याची जी रीत मी वर गौरवली, तिचीच ही दुसरी बाजू आहे. नवा थर घालताना जुना काढायचा असतो. घराची निगा राखायची तर त्यावरचं ओझंही मोजत राहावं लागतं.

एवढं झालं की मग उजेड, वारा आणि शेवटी रंग. या भागात कमी पैशांत सर्वांत जास्त फरक पडतो, म्हणून पुस्तकाची बरीच पानं याला दिली आहेत. शेवटच्या मजल्याच्या गच्चीवर उन्हाळ्याआधी पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारले तर खालची खोली काही अंशांनी गार राहते. विदर्भात, जिथे पारा शेहेचाळीसवर जातो, तिथे हे काही अंश म्हणजे झोप लागणं आणि न लागणं यांतलं अंतर आहे. खिडकीची वर्षानुवर्षं रंगाचे शिंतोडे बसलेली काच खरवडली, छत शुभ्र केलं, माळ्यावरचं नको असलेलं सामान काढून वरचा झरोका मोकळा केला, तर खोली मोठी वाटते, कारण नजर अंधाऱ्या कोपऱ्यांत अडायची थांबते.

चुन्याबद्दल मला मनापासून आस्था आहे. जुन्या वाड्याची किंवा चाळीची भिंत घाणीत मळलेल्या चुन्याची असेल तर तिला चुन्याचीच सफेदी मानवते. ती भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि नंतर सोडते; तिच्यावर प्लॅस्टिक पेंट किंवा सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि आपल्याबरोबर पोपडे घेऊन बाहेर पडते. चुनकळी पिंपात भिजवून, मुरवून, फडक्यातून गाळून, डिंक आणि चिमूटभर नीळ घालून केलेली सफेदी एका रविवारी घरच्या माणसांना मारता येते. चुनकळी पाण्यात पडली की उकळ्या फुटतात, तेव्हा मुलांना लांब ठेवावं आणि डोळ्यांवर चष्मा हवा. तेलरंगावर किंवा पुट्टीवर मात्र चुना धरत नाही, आधीचं सगळं खरवडावं लागतं. तिथे साधं डिस्टेंपर बरं.

जे काढू नये त्यावरही एक प्रकरण आहे, आणि ते मी सर्वांत आनंदाने लिहिलं. जुन्या घरांत अशा वस्तू असतात की आज त्या घ्यायच्या म्हटलं तर परवडणार नाहीत, आणि आपण त्या फुकट काढून टाकतो, वर काढायची मजुरी देतो. १९२२ मध्ये स्वदेशीच्या ध्यासातून सुरू झालेल्या भारत टाइल्ससारख्या कारखान्यांच्या नक्षीदार सिमेंट फरशा मुंबईतल्या कितीतरी घरांत लिनोलियमखाली झाकलेल्या आहेत. मोझॅकची फरशी घासून पॉलिश करायला नव्या टाइलांच्या मानाने फार थोडा खर्च येतो, शिवाय नवी टाइल जुनीवर बसवली तर स्लॅबवर वजन वाढतं आणि दारं खालून कापावी लागतात. शहाबादी फरशी ओबडधोबड वाटते, पण उन्हाळ्यात दुपारी तिच्यावर आडवं पडलेल्या माणसाला तिची किंमत विचारावी. सागवानी दारांवर तेलरंगाचे आठ-दहा थर असतात. ते उतरवले की खाली लाकूड जसंच्या तसं निघतं. पुण्यात वाडे पडले आणि त्यांचे खांब, तुळया, दारं, कड्या-कोयंडे जुन्या बाजारात आले. ते घेऊन आपल्या बंगल्यांत लावणारे लोक आहेत. ज्यांच्या घरात ते आधीपासून आहे, त्यांनी निदान ते काय आहे हे ओळखून मगच काढायचं की ठेवायचं ते ठरवावं. आणि पावसाळ्यात फुगलेलं दार जुलैत रंधून घेऊ नये. हिवाळ्यात ते आकसतं आणि कायमची फट पडते. घासतं तिथे मेणबत्ती किंवा कोरडा साबण चोळून दिवाळीपर्यंत थांबावं.

कोणत्या खोलीवर आधी खर्च करायचा, यावर माझं ठाम मत आहे. घरात थोडे पैसे आले की ते बाहेरच्या खोलीला लागतात, कारण पाहुणे तिथे बसतात, मुलगी बघायला किंवा दाखवायला तीच खोली असते. स्वयंपाकघर मागेच राहतं. तिथे घरातलं एक माणूस, आणि ते बहुतेक घरांत बाईमाणूस, रोज चार-पाच तास उभं असतं, आपल्याच सावलीत भाजी चिरत, कारण दिवा पाठीमागे असतो. ओट्याच्या वर, समोरून उजेड पडेल असा एक दिवा लावायला फार पैसे लागत नाहीत. ओट्याशी उभं राहून कोपर वाकवला तर ओटा त्याखाली चार ते सहा इंच असावा. त्याहून खाली असेल तर पाठ दुखणारच, आणि कडाप्पा न तोडता पोळ्या लाटायला जाड फळीचा उंचवटा करता येतो. ज्या घराचा पहिला खर्च स्वयंपाकघराला लागला, ते घर मला नेहमी आत शिरताच वेगळं वाटलं आहे.

वास्तुविशारद बी. व्ही. दोशी १९२७ मध्ये पुण्यात, लाकडी सामान बनवणाऱ्या कुटुंबात जन्मले. पुढे इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीत त्यांनी गरीब कुटुंबांना जोतं, संडास-न्हाणी आणि फार तर एखादी खोली दिली, आणि बाकीचं घर ज्याचं त्याने जमेल तसं वाढवावं अशी आखणीच केली. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ बांधलं, तेव्हा सात-सात घरं एका अंगणाभोवती ठेवली आणि एकाही घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटू दिली नाही, कारण घर वाढवताना शेजाऱ्याशी भांडण होऊ नये. आज तिथली बरीच मूळ घरं ओळखू येत नाहीत. कौलांच्या जागी स्लॅब आले, मजले चढले. वास्तुकलेचे विद्यार्थी ते पाहून हळहळतात. मला ते पाहून बरं वाटतं. घर अपुरं असणार, आणि राहणारा ते पुरं करत जाणार, हे गृहीत धरून इतक्या मोठ्या माणसांनी काम केलं. आपली घरं अपुरी राहिली ती कुणी विचारपूर्वक ठेवली म्हणून नव्हे, पण ती पुरी करत जाण्याचा हक्क आणि आनंद आपल्यालाही तेवढाच आहे.

अपुऱ्या घरात समाधान मानून राहा, असा सल्ला मी कुणालाही देणार नाही. १६० चौरस फुटांत आठ माणसं राहतात आणि मोठ्या घराची मागणी करतात, तेव्हा त्यांची मागणी रास्त आहे. पुनर्विकासाची वाट पाहणाऱ्याला ‘चाळीतला ओलावा’ सांगणं हे त्याच्या अडचणीवर बोळा फिरवणं आहे. १९७० च्या ‘मुंबईचा जावई’ या सिनेमात नव्या जोडप्याला घरात एकांत मिळत नाही, त्याला आपण हसलो. ज्यांनी ते भोगलं त्यांना ते तितकं हसण्यासारखं नव्हतं. पण पुनर्विकास व्हायला दहा वर्षं लागली, तर ती दहा वर्षं माणूस त्या खोलीतच राहतो. मुलं तिथेच अभ्यास करतात, म्हातारी माणसं तिथेच आजारी पडतात. तोवर मोरीचा उतार नीट असावा, ओल नसावी, दिवा योग्य जागी असावा.

घर आवडण्याबद्दल मी इतका वेळ काही म्हटलं नाही, कारण माझ्या अनुभवात ते ठरवून होत नाही. अनेक घरांत मी ‘आधी घर नीट होऊ दे, मग तुम्हाला बोलावू’ असं ऐकलं आहे, आणि त्या घरांत वर्षानुवर्षं कुणीच बोलावलं जात नाही. उलट ज्यांनी आपल्या भिंतींची ओल शोधली, कोणत्या खिडकीतून कधी वारा येतो हे पाहून पलंग हलवला, स्वतः सफेदी मारली, ते आपलं घर दाखवताना दोषही हौसेने दाखवतात : हा कोपरा ऑगस्टमध्ये अजून थोडा ओला होतो, पण पूर्वीसारखा नाही. दोष माहितीचा झाला की त्याची लाज वाटेनाशी होते. नवं घर घेतलेल्यांनाही माझं सांगणं हेच आहे की एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा त्यात राहून मगच मोठा खर्च करावा.

पुस्तकाची रचना महिन्यांप्रमाणे आहे. गच्ची, पन्हळी आणि कौलं मार्च ते मेमध्ये येतात. जून ते सप्टेंबरच्या प्रकरणांत करायचं कमी आणि पाहून लिहायचं जास्त आहे. गिलावा, फरशी, लाकूडकाम दिवाळीनंतर, आणि रंग सगळ्यांच्या शेवटी, कारण नवा गिलावा निदान सात दिवस पाणी मागतो आणि त्यानंतर महिनाभर सुकायला मागतो. नाक्यावरच्या गवंड्याशी, प्लंबरशी, रंगाऱ्याशी काम कसं बोलावं, मजुरी आणि सामान वेगळं का धरावं, आणि त्यांचा सल्ला केव्हा ऐकावा, याचंही एक प्रकरण आहे. चांगला गवंडी ओळंबा लावून बघतो तेव्हा मध्ये बोलू नये, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

विजेचं प्रकरण मात्र महिना न पाहता सर्वांत आधी वाचावं. तुमच्या घरात अजून लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग असेल, गीझरच्या सॉकेटला अर्थिंग नसेल, किंवा ओल्या भिंतीवर बटणाचा बोर्ड असेल, तर या पुस्तकातलं दुसरं कोणतंही काम हाती घेण्यापूर्वी परवानाधारक वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावं आणि मेन स्विचजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. त्याच्यावर चाचणीचं एक लहान बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावं. घरातला वीजपुरवठा तत्क्षणी बंद झाला पाहिजे. झाला नाही, तर वायरमनला त्याच दिवशी परत बोलवावं.